समुद्र तापतोय कोकणापलीकडं, फटका आष्ट्याच्या शिवाराला

आष्ट्यापासून अरबी समुद्र हवाई अंतरानं जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. मधे सह्याद्री उभा आहे म्हणून समुद्र लांब वाटतो, एवढंच. वाळवा तालुक्यात समुद्राचा विषय निघतो तो मासळी महागली की किंवा कोकणात सहल ठरली की. मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी समुद्राच्या तापमानावर जे संशोधन केलंय, ते वाचलं तर एक गोष्ट स्पष्ट होते. कृष्णा-वारणेचा पूर, ऑगस्टमधली लांबलेली उघडीप आणि द्राक्षाच्या ऐन हंगामात कोसळणारा अवकाळी, या तिन्हींमागे इतर कारणं आहेतच, पण तापणारा समुद्र हे त्यातलं एक मोठं आणि दरवर्षी वाढत जाणारं कारण आहे.

हे संशोधन प्रामुख्यानं पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये झालंय. तिथले शास्त्रज्ञ डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल हे मूळचे केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातले. हिंदी महासागराचं तापणं, त्याचा मान्सूनवर आणि सागरी जीवसृष्टीवर होणारा परिणाम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. समुद्र आणि बर्फाच्छादित प्रदेशांवर संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनं (आयपीसीसी) २०१९ साली जो विशेष अहवाल काढला, त्याच्या प्रमुख लेखकांमध्ये ते होते. २०२४ साली केंद्र सरकारनं त्यांना विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार दिला.

समुद्र किती तापला?

माणसानं कोळसा आणि तेल जाळून पृथ्वीवर जी जादा उष्णता साठवली, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्रानं पोटात घेतलीय. समुद्रानं ती घेतली नसती तर जमिनीवर जगणं अवघड झालं असतं. पण घेतलेली उष्णता कुठं ना कुठं निघतेच.

कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंश सेल्सियसनं वाढल्याचं त्यात दाखवलं. याच भागात आपला अरबी समुद्र येतो. १.२ अंश हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. आपल्याकडं सकाळ-दुपारच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक पडतो, तिथं एका अंशाचं काय, असं कुणालाही वाटेल. पण समुद्राचं तसं नाही. हजारो किलोमीटर पसरलेलं पाणी सरासरी एक अंशानं तापायला प्रचंड उष्णता लागते. शिवाय हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे खाली जादा वाफ तयार करणारा समुद्र आणि वर ती वाफ जादा साठवणारी हवा, असा दुहेरी हिशेब आहे.

पुढचं चित्र याहून काळजीचं आहे. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात कोल आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला. १९५० ते २०२० या काळात उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर शतकाला १.२ अंश या वेगानं तापला. २०२० ते २१०० मध्ये हाच वेग शतकाला १.७ ते ३.८ अंश होऊ शकतो. जगानं धूर किती कमी केला, त्यावर नेमका आकडा ठरेल.

पाऊस तेवढाच, पण पडायची रीत बदलली

आष्टा परिसरातला कुठलाही जुना शेतकरी सांगेल, "पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही." पूर्वी झड लागायची. चार-चार दिवस रिमझिम, मग उघडीप, वापसा, कोळपणी, परत पाऊस. आता पंधरा-वीस दिवस कोरडे जातात आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडून जातो.

या अनुभवाला आकड्यांचा आधार २०१७ साली मिळाला. 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या ६५ वर्षांच्या पावसाचा अभ्यास मांडला. एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त आणि तोही मोठ्या भूभागावर पडणारा पाऊस, अशा घटना मध्य भारताच्या पट्ट्यात तिपटीनं वाढल्या, असा त्याचा निष्कर्ष. या पट्ट्यात महाराष्ट्र येतोच, आणि पश्चिम घाटाच्या काही भागांतही ही वाढ दिसली. त्याच काळात पावसाचं एकूण प्रमाण वाढलं नाही, उलट मध्य भारतात ते घटत गेलं.

कारण काय? मान्सून चालतो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर. उन्हाळ्यात जमीन जास्त तापते, समुद्र त्या मानानं थंड राहतो, म्हणून समुद्रावरचे वारे बाष्प घेऊन जमिनीकडं धावतात. समुद्रच तापला की हा फरक कमी होतो आणि एकूण वाऱ्यांचा जोर मंदावतो. पण अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांमधला चढउतार मात्र वाढलाय. एरवी ढिले पडलेले वारे मधेच उसळी घेतात आणि तापलेल्या समुद्रावर साठलेलं बाष्प एका झटक्यात जमिनीवर आणून टाकतात. हा लोंढा पहिल्यांदा आदळतो तो सह्याद्रीवर. म्हणजे महाबळेश्वर, नवजा, कोयना, चांदोली या भागावर. कृष्णा, कोयना आणि वारणेचं पाणी तिथूनच येतं.

२०१९, २०२१ आणि २०२३

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. तेव्हा लोक म्हणाले, असा पूर आयुष्यात एकदाच. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. लोक सावरत होते तोच जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सांगलीत पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर चढलं.

५९४ मिलिमीटर म्हणजे किती, याचा शेतकऱ्याच्या भाषेतला हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे त्या एका दिवसात महाबळेश्वरच्या प्रत्येक एकरावर सुमारे २४ लाख लिटर पाणी पडलं. ते सगळं उतारानं खाली येणार, हे उघड आहे.

आता दुसरी बाजू बघा. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सांगली जिल्ह्यातून त्या यादीत मिरज, कडेगाव आणि खानापूर-विटा यांच्याबरोबर शिराळा होता. शिराळा म्हणजे चांदोली धरणाचा, पश्चिम महाराष्ट्रातल्या चांगल्या पावसाचा तालुका. दोन वर्षांपूर्वी वारणेच्या पुराखाली गेलेल्या गावांचा तालुका दुष्काळाच्या यादीत येतो, हे आपल्या भागात पूर्वी कुणाला सांगून पटलं नसतं.

याचा धागाही समुद्राशी जोडलेला आहे. समुद्रालाही उष्णतेची लाट येते. एखाद्या भागातलं पाणी सलग पाच दिवस किंवा त्याहून जास्त काळ नेहमीपेक्षा फारच तापलेलं राहिलं, तर त्याला सागरी उष्णतेची लाट म्हणतात. आयआयटीएमच्या गटानं २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पश्चिम हिंदी महासागरात अशा लाटा दर दशकाला साधारण दीडनं वाढत गेल्या. पश्चिम हिंदी महासागर आणि बंगालच्या उपसागरात अशी लाट असताना मध्य भारतात पाऊस घटतो आणि दक्षिण टोकाकडं वाढतो, असंही त्यात दिसलं. १९७० ते २००० या काळात वर्षाला सरासरी २० दिवस असणाऱ्या या लाटा शतकाच्या शेवटी २२० ते २५० दिवसांवर जाऊ शकतात, असा २०२४ च्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे समुद्र जवळपास कायमचाच तापात.

वादळं आता आपल्या बाजूला

चक्रीवादळ म्हटलं की आंध्र, ओडिशा, बंगाल अशी पूर्वीची समजूत. अरबी समुद्र त्या मानानं शांत मानला जायचा. आयआयटीएमच्याच मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली १९८२ पासूनच्या वादळांचा हिशेब मांडला. आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, तर अतितीव्र वादळं १५० टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात उलट किंचित घट दिसली. अरबी समुद्रातली वादळं आता जास्त काळ टिकतात, हेही त्यांनी दाखवलं.

नंतरच्या वर्षांनी याची साक्ष दिली. जून २०२० मध्ये 'निसर्ग' रायगड किनाऱ्यावर आदळलं, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' कोकण किनाऱ्याला घासत गुजरातेत गेलं, जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' कितीतरी दिवस समुद्रात घोंघावत राहिलं.

कोकणातली झाडं आणि छपरं उडाली, आपलं काय गेलं, असं म्हणून चालणार नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये अरबी समुद्रात 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' ही वादळं आली. किनाऱ्यावर ती थेट आदळली नाहीत, पण त्या दिवसांतल्या परतीच्या आणि अवकाळी पावसानं राज्यभर काढणीला आलेली पिकं नेली. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागा त्या वेळी छाटणीनंतरच्या नाजूक अवस्थेत होत्या. पूर ओसरून दोन-अडीच महिनेच झाले होते. एकाच वर्षात एकाच जिल्ह्याला दोन तडाखे, आणि दोन्ही वेळा बाष्प आलं ते पश्चिमेकडूनच.

मासळीचं ताटही हलकं

किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीचा प्रश्न आपल्याला लांबचा वाटतो, पण त्यातलं शास्त्र शेतकऱ्याला पटकन कळेल असं आहे. समुद्रात डोळ्याला न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती असतात. त्या म्हणजे समुद्राचं गवत. तारली, बांगड्यासारखी मासळी याच अन्नसाखळीवर जगते, आणि मोठे मासे त्या मासळीवर. या सूक्ष्म वनस्पतींना लागणारं खत समुद्राच्या खालच्या थंड थरात असतं. वाऱ्यानं पाणी ढवळलं की ते वर येतं. पण वरचं पाणी तापलं की ते हलकं होऊन वरच राहतं, ढवळणं कमी होतं आणि खत तळाशीच अडकतं. २०१६ साली कोल यांच्या गटानं दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागरातल्या या सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्या.

प्रवाळांचीही तीच गत. मे २०२० मध्ये तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात सागरी उष्णतेची लाट आली, तेव्हा तिथली ८५ टक्के प्रवाळं पांढरी पडली. प्रवाळ म्हणजे माशांची पाळणाघरं. ती गेली की मासळी जाते, मासळी गेली की मच्छीमार जातो. आष्ट्याच्या बाजारात कोकणातून येणारी मासळी का कमी झाली आणि का महागली, याची कारणं अनेक आहेत. बेसुमार मासेमारी हे त्यातलं मोठं. पण ज्या कुरणावर ती मासळी जगते, ते कुरणच विरळ होतंय, हेही त्यात धरलं पाहिजे.

सगळं खापर समुद्रावर फोडायचं का?

नाही. आणि इथंच नीट बोलायला हवं. एखादा विशिष्ट पूर फक्त समुद्र तापल्यामुळं आला, असं शास्त्रज्ञही म्हणत नाहीत. समुद्र तापल्यानं अशा पावसाची शक्यता वाढते, एवढंच ते सांगतात. पडलेल्या पावसाचा महापूर व्हायचा की नाही, हे बऱ्याच अंशी माणसाच्या हातात असतं. नदीपात्रातली बांधकामं, भर टाकून उचललेले रस्ते, पुलांचे अडथळे, बुजवलेले ओढे ही सगळी आपलीच करणी. आष्टा आणि कसबे डिग्रज पट्ट्यातल्या क्षारपड जमिनींचा प्रश्न जुना आहे. जास्तीचं पाणी आणि बुजलेले नाले हे त्याचं मूळ. जी जमीन रोजचं पाणी बाहेर काढू शकत नाही, ती महापुराचं पाणी कसं काढणार?

दरवर्षी जुलै उजाडला की जिल्ह्यात अलमट्टीवरून वाद पेटतो. त्या वादाची जागा आहेच, आणि धरणाची उंची वाढवण्याच्या कर्नाटकच्या प्रस्तावाला विरोधही व्हायला हवा. पण सगळी चर्चा पूर्वेकडच्या एका धरणावर अडकते आणि पश्चिमेकडून येणारा पाऊस बदललाय, हे मागं पडतं. अलमट्टीचा प्रश्न उद्या सुटला तरी घाटात एका दिवसात ५०० मिलिमीटर पाऊस पडायचा थांबणार नाही.

हिशेब बदलायला हवेत

या संशोधनाचा आपल्या भागासाठी खरा अर्थ असा, की आपली सगळी व्यवस्था जुन्या सरासरीवर उभी आहे आणि ती सरासरीच आता भरवशाची उरलेली नाही.

पहिलं उदाहरण धरणांचं. कोयना १०५ टीएमसीचं. पावसाळा संपताना धरण भरलेलं हवं, ही अपेक्षा रास्त आहे, कारण वीज आणि सिंचन त्यावर आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये धरण बरंचसं भरलं आणि वरून दोन दिवसांत मोठा पाऊस आला, तर दरवाजे उघडण्यावाचून पर्याय उरत नाही. उलट भीतीपोटी आधीच रिकामं ठेवलं आणि २०२३ सारखा ऑगस्ट आला तर उन्हाळ्यात बोंब. म्हणून ठरलेल्या तारखेला ठरलेली पातळी, या पद्धतीला आठ-दहा दिवसांच्या पावसाच्या अंदाजाची जोड हवी, आणि तो निर्णय नदीकाठच्या गावांना वेळेत कळायला हवा.

दुसरं पूररेषेचं. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे '२५' आणि '१००' मागच्या नोंदींवरून काढलेले. २००५ नंतर १४ वर्षांनी त्याहून मोठा पूर येतो आणि त्यानंतर दोनच वर्षांत पुन्हा तसाच, तेव्हा या रेषा नव्यानं तपासाव्याच लागतील. कणेगाव, भरतवाडी, शिगाव, शिरगाव, बोरगाव अशा गावांमध्ये नवं घर कुठं बांधायचं, शाळा कुठं काढायची, हे त्यावर ठरणार आहे.

तिसरं पंचनाम्याचं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. एका मंडळात अनेक गावं आणि पर्जन्यमापक एखादाच. एका गावात ढगफुटी आणि शेजारच्या गावात ऊन, असं आता नेहमीचं झालंय. मापक जिथं आहे तिथं पाऊस झाला नाही, तर शिवार वाहून गेलेल्या शेतकऱ्याच्या हातात कागदोपत्री काहीच राहत नाही.

चौथं पिकाचं. नदीकाठच्या उसाच्या सुरळीत गाळ बसला की शेंडा कुजतो, पांगशा फुटतात, वजन जातं. हळदीत पाणी चार दिवस साठलं की कंदकूज ठरलेली. कुठल्या पट्ट्यात लावण कधी करायची, कुठली जात पाण्यात तग धरते, चर कुठून काढायचे, याचा सल्ला कारखान्यांनी आणि कृषी विभागानं गटवार द्यायला हवा. तालुक्याला एकच सल्ला आता पुरत नाही.

केरळातल्या पोरांनी करून दाखवलं

यातलं बरंच काम सरकारचं आहे. पण एक गोष्ट गावानं उद्याच सुरू करावी अशी आहे. डॉ. कोल यांच्या कोट्टायम जिल्ह्यात मीनाचिल नावाची नदी आहे. पश्चिम घाटातून उतरणारी, आपल्या वारणेसारखीच. तिच्या खोऱ्यात शाळेतली मुलं आणि गावकरी स्वतः पाऊस मोजतात, नदीची पातळी बघतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना कळवतात. वरच्या गावात पाऊस वाढला की खालच्या गावाला पाणी पोचायच्या आत कळतं. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. साधा पर्जन्यमापक, एक वही आणि रोज सकाळी ठरल्या वेळेला नोंद.

आष्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गावोगावी माध्यमिक शाळा आहेत, साखर कारखान्यांची गट कार्यालयं आहेत, प्रत्येक गावात पाणीपुरवठा संस्था आहेत. शिराळ्यापासून हरिपूरच्या संगमापर्यंत वारणेकाठी आणि कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णेकाठी अशी नोंद करणारी पन्नास ठिकाणं उभी राहिली, तर दोन फायदे होतील. पुराच्या वेळी हाताशी काही तास जादा मिळतील, जनावरं आणि माणसं हलवायला तेवढे पुरतात. आणि चार-पाच वर्षांत गावाकडं स्वतःच्या पावसाचा पुरावा तयार होईल. "आमच्याकडं जास्त पडला होता साहेब" असं तोंडी सांगण्यापेक्षा तारीखवार वही पुढं ठेवलेली केव्हाही बरी.

समुद्राचं तापणं आष्ट्याला थांबवता येणार नाही. ते जगाच्या राजकारणावर आणि कोळसा-तेलाच्या वापरावर ठरेल. पण समुद्र तापलाय हे माहीत असून जुन्याच सरासरीवर धरण भरायचं, जुन्याच रेषेवर घर बांधायचं आणि जुन्याच मापकावर नुकसान ठरवायचं, हे मात्र थांबवता येईल. मान्सून केरळात पोचल्याची बातमी आली की आपल्याकडं पेरणीची तयारी सुरू होते. त्याच बातमीसोबत अरबी समुद्राचं तापमान किती आहे, हेही गावात विचारलं जायला हवं.